बस्तरची सहल: धबधबे आणि गुहा एकाच फेरीत जमतील का?

रानपाखरू

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीला जोडून बस्तरला जायचं घाटतंय. आम्ही पाच जण आहोत: मी, नवरा, नववीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. गुडघे कुरकुरतात, पण हौस आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. पुण्याहून निघणार. जाऊन-येऊन आठवडाभर हाताशी आहे.

आतापर्यंत जमवलेली नावं: चित्रकोट, तीरथगड, कुटुमसर गुहा, दंतेवाडा, बारसूरची जुनी देवळं, ढोलकलचा गणपती, कोंडागाव आणि एखादा आठवडी बाजार. मुलाला गुहेतले आंधळे मासे बघायचेत, मुलीला धबधब्याखाली होडीत बसायचंय, सासूबाईंना दंतेश्वरीचं दर्शन हवंय. मला नुसतं सालाच्या जंगलात बसायला मिळालं तरी चालेल.

ऑक्टोबर बरा की नोव्हेंबर? पुण्याहून सोयीचा मार्ग कोणता? ज्येष्ठांना झेपेल का? आणि घरून सगळ्यात आधी आलेला प्रश्न म्हणजे तिकडे जाणं सुरक्षित आहे का?

पायवाट

फार चांगली जागा निवडलीत. आधी महिन्याचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं.

बस्तरमध्ये पाण्याचा हंगाम वेगळा आणि गुहांचा वेगळा. चित्रकोट खरा बघायचा तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. इंद्रावती तेव्हा पात्रभर पसरून वाहते आणि घोड्याच्या नालेच्या आकाराच्या त्या कड्यावरून साधारण ३० मीटर खाली कोसळते. पाणी लाल गढूळ, आवाज लांबूनच ऐकू येतो. पण त्या दिवसांत होड्या बंद असतात आणि कुटुमसर गुहाही बंद असते, कारण पावसाळ्यात गुहेत पाणी शिरतं. ती उघडते साधारण नोव्हेंबरमध्ये. उलट मार्च-एप्रिलपर्यंत थांबलात तर गुहा आरामात बघून होईल, पण चित्रकोटला कड्याचा बराचसा भाग कोरडा पडून पाण्याच्या थोड्याच धारा उरतात. ओडिशाच्या सीमेजवळ जोरा नाल्यातून इंद्रावतीचं बरंच पाणी शबरीकडे वळतं. त्यामुळे उन्हाळ्यात छत्तीसगडच्या बाजूला पात्र फारच आटतं. त्यावरून दोन्ही राज्यांत वर्षानुवर्षं वाद चालू आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत: नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा गाठा. गुहा उघडलेली असते, धबधब्याला अजून पोटभर पाणी असतं, पाण्याचा रंग निवळलेला असतो, होड्या सुरू झालेल्या असतात आणि जंगल हिरवं असतं. हवाही सुखाची. दिवाळी लवकर येत असेल तर सुट्टी चार दिवस पुढे ढकलता येते का बघा. मुलांची शाळा एक-दोन दिवस बुडाली तरी बुडू दे.

निघण्याच्या आठवड्यात मात्र गुहा उघडल्याची खात्री फोन करून वनखात्याकडून करून घ्या. पाऊस लांबला की उघडण्याची तारीखही लांबते.

विदर्भकन्या

पुण्याहून हावड्याकडे जाणारी आझाद हिंद नागपूरमार्गे थेट रायपूरला सोडते. तिथून जगदलपूर साधारण ३०० किमी. रात्रीच्या बसगाड्या भरपूर आहेत, पण माझं ऐका, हा रस्ता दिवसाच करा. धमतरी, कांकेर झालं की केशकालचा घाट लागतो. बारा मोठी वळणं आहेत, वर तेलिन मातेचं मंदिर. खालून आलेले ट्रकवाले तिथे थांबून हात जोडल्याशिवाय पुढे जात नाहीत. घाट चढलात की पठार सुरू होतं आणि दोन्ही बाजूंना सालाची झाडं लागतात. रात्रीच्या बसमध्ये झोपून गेलात तर हे सगळं हुकेल. घाटात कधीकधी ट्रकांमुळे रस्ता तुंबतो, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

जगदलपूरला विमानतळ आहे आणि रायपूर-हैदराबादहून विमानं येतात, पण वेळापत्रक बदलत असतं. सासूबाईंसाठी तो पर्याय तपासायला हरकत नाही.

एक सांगावंसं वाटतं. ज्या इंद्रावतीचा धबधबा बघायला तुम्ही जाताय ती पुढे आपल्या गडचिरोलीची सीमा होते. भामरागडला पर्लकोटा आणि पामुलगौतमी तिला मिळतात आणि सिरोंचा तालुक्यात सोमनूरला ती गोदावरीत जाते. आम्हा पूर्व विदर्भाच्या माणसांना बस्तर परकं वाटत नाही ते यामुळेच. बाजारात हलबी बोलणाऱ्या बाया भेटतील, त्यांचं बोलणं सावकाश ऐका. मराठी कानाला बरंच कळतं.

डोंगरमाथा

गडचिरोली-धानोरा-मुरूमगाव-मानपूर-भानुप्रतापपूर असा रस्ता घेतला तर? नकाशावर जवळ वाटतो.

विदर्भकन्या

@डोंगरमाथा, रस्ता देखणा आहे, जंगलच जंगल. पण वाटेत जेवणाखाणाची, गाडी दुरुस्तीची सोय विरळ आणि मोबाइलची रेंज मधूनमधून जाते. लहान मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असताना मी तो सुचवणार नाही. रायपूरमार्गेच जा.

आंबोळी

ज्येष्ठांबद्दल लिहिते. आईला घेऊन हीच सहल केली आहे.

चित्रकोट अगदी सोपं. गाडी काठापर्यंत जाते आणि वरूनच पूर्ण धबधबा दिसतो. संध्याकाळी दिवे लावतात. राज्य पर्यटन मंडळाचं दंडामी रिसॉर्ट धबधब्याला लागूनच आहे, तिथे एक रात्र मिळाली तर जरूर घ्या. जगदलपूर ते चित्रकोट ४० किमी आहे, त्यामुळे बहुतेक लोक दुपारी येऊन संध्याकाळी परततात. पहाटे तिथे तुम्ही, नदी आणि मासे धरणारे दोन-चार जण एवढंच असतं. सासूबाईंना खुर्ची टाकून बसवा, त्या तासभर हलणार नाहीत.

होडीत बसायला मात्र खाली पात्रापर्यंत उतरावं लागतं. मुलीला घेऊन एक जण जाईल, बाकीचे वर थांबतील.

तीरथगड: इथे खरी अडचण. धबधबा टप्प्याटप्प्यांनी जवळजवळ ९० मीटर उतरतो आणि पूर्ण बघायचा तर तळापर्यंत पायऱ्या आहेत. उतरणं जमतं, चढताना गुडघे बोलायला लागतात. वरच्या अंगालाही पाणी खडकांवरून फेसाळत जाताना दिसतं, त्यावर समाधान मानावं. माकडं धीट आहेत, हातात खाऊची पिशवी ठेवू नका.

कुटुमसर गुहेत ज्येष्ठांना नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. तोंड अरुंद, आत उतरायच्या पायऱ्या ओल्या, पुढे काही ठिकाणी वाकून जावं लागतं. हवा दमट आणि जड. ज्यांना दमा आहे किंवा बंद जागेत घुसमटतं त्यांनीही विचार करावा.

रानपाखरू

पायवाट, नोव्हेंबरचं पटलं. नवऱ्याने रजेचा अर्ज बदललासुद्धा!

आंबोळी, पायऱ्यांचं अगदी वेळेवर सांगितलंत. सासूबाईंना गुहा चुकणार याचं वाईट वाटतंय. त्यांनी मुलाइतकंच वाचून ठेवलंय त्या माशांबद्दल.

शेकरू

रानपाखरू, तुमची गुहा आणि तुमचं जंगल एकाच ठिकाणी आहे. कांगेर खोरं राष्ट्रीय उद्यान १९८२ साली घोषित झालं, क्षेत्र २०० चौरस किमी. नकाशावर लहान, पण महत्त्व मोठं: उत्तरेकडचा साल आणि दक्षिणेकडचा साग इथे एकमेकांना भेटतात. एकाच वाटेवर दोन्ही जंगलं लागतात. २०२५ मध्ये हे उद्यान युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं. माझ्या मते फार आधी जायला हवं होतं.

मुलाला सांगा, कुटुमसरच्या माशांना डोळे जवळजवळ उरलेलेच नाहीत आणि कातडीचा रंगही गेलाय. गुहेत कायमचा अंधार. जिथे डोळ्यांचा उपयोग नाही तिथे पिढ्यान् पिढ्या डोळे क्षीण होत गेले. त्यांचे डोळस भाऊबंद बाहेरच्या ओढ्यांमध्ये आजही आहेत. भूगोलाचे अभ्यासक डॉ. शंकर तिवारी यांनी गेल्या शतकाच्या मध्यात या गुहेचा शोध घेऊन ती जगापुढे आणली. आत वाटाड्या दिवा घेऊन बरोबर असतो. मासे बघायचे तर डबक्याजवळ सगळ्यांनी शांत उभं राहायचं आणि वाटाड्या सांगेल तेवढाच उजेड टाकायचा. मासे बोटभरसुद्धा नसतात. पाण्यात हात घालू नका. चुनखडीच्या लोंबत्या स्तंभांनाही हात लावू नका, हाताचा तेलकटपणा लागला की तिथली वाढ थांबते. वाटाड्याने एखाद्या स्तंभावर दगड वाजवून नाद ऐकवायची तयारी दाखवली तर नम्रपणे नको म्हणा.

आता पक्षी. बस्तरची पहाडी मैना हा छत्तीसगडचा राज्यपक्षी. काळीभोर, चमकदार, डोक्यामागे पिवळ्या कातडीचा पट्टा. माणसाच्या बोलण्याची हुबेहूब नक्कल करते, आणि त्यापायीच पिंजऱ्यात गेली. सुतार पक्ष्यांनी पोखरलेल्या जुन्या वाळक्या झाडांच्या ढोल्यांत ती घरटं करते. म्हणजे वाळकं झाड 'निरुपयोगी' म्हणून तोडलं की मैनेचं घर गेलं. आता उद्यानाने गावातल्या तरुणांनाच 'मैना मित्र' म्हणून कामाला लावलंय. घरट्यांवर लक्ष ठेवतात, कोणत्या झाडावर थवा येतो हे त्यांना पाठ असतं. त्यांच्यापैकी कुणाला विचारून सकाळी लवकर गेलात तर दिसण्याची शक्यता खूप वाढते.

आणि मुक्कामासाठी धुडमारास गाव बघा. कांगेर नदीकाठी आहे, गावकऱ्यांनी घरगुती राहायची सोय केली आहे, बांबूच्या तराफ्यावरून आणि कयाकमधून नदीत नेतात. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेच्या उत्तम पर्यटन गावांच्या उपक्रमात त्याची निवड झाली. तराफा सपाट आणि संथ असतो, सासूबाईसुद्धा बसू शकतील.

डोंगरमाथा

आणि ढोलकल? ते तर हवंच ना!

पायवाट

ढोलकल अप्रतिम आहे यात वादच नाही. बैलाडिलाच्या रांगेत एका सुळक्यासारख्या माथ्यावर उघड्यावर बसलेली तीन फुटांच्या आसपासची गणेशमूर्ती, खाली दरी आणि जंगल. जानेवारी २०१७ मध्ये कुणीतरी मूर्ती दरीत ढकलली होती. तुकडे शोधून, जोडून ती पुन्हा तिथेच बसवली.

पण चढ जंगलातून आहे, शेवटचा भाग खडकांवरचा, आणि स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊच नये. या कुटुंबासाठी मी ते काढून टाकेन. आठवड्यात सगळं कोंबलं की रोज सकाळी गाडीत आणि रोज रात्री सामान आवरण्यात वेळ जाईल. रानपाखरूंना जंगलात बसायचंय असं त्यांनी पहिल्याच निरोपात लिहिलंय, त्यासाठी रिकामी दुपार लागते.

डोंगरमाथा

माझा आग्रह कायम आहे. बाबा आणि मुलगा पहाटे निघून दुपारी परत येतील, बाकीचे दंतेवाड्यात दर्शन घेतील. एकाच दिवशी दोन्ही जमतं.

रानपाखरू

हे नवऱ्याला वाचून दाखवलं. दोघे बूट शोधायला लागलेत. बघू!

सुरक्षिततेबद्दल कुणी मोकळेपणाने सांगाल का?

पायवाट

मोकळेपणाने सांगतो. बस्तरने फार सोसलंय. तीरथगडला जाताना ज्या दरभा भागातून जाल, तिथेच झीरम घाटीत मे २०१३ मध्ये मोठा हल्ला झाला होता. त्या मानाने आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. केंद्र सरकारने नक्षलवाद संपवण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर करून मोठी मोहीम हाती घेतली. जगदलपूर, चित्रकोट, तीरथगड, कुटुमसर, दंतेवाडा या पट्ट्यात पर्यटक सहकुटुंब नेहमी जातात.

माझे नियम साधे आहेत. मुख्य रस्ते सोडून अनोळखी आतल्या रस्त्याला स्वतःहून वळायचं नाही. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचायचं. सुरक्षा दलांच्या छावण्यांचे, नाक्यांचे फोटो काढायचे नाहीत. गाडीचा चालक जगदलपूरचाच घ्यायचा आणि तो 'आज तिकडे नको' म्हणाला तर हुज्जत घालायची नाही. चित्रकोटहून मर्दूमच्या बाजूने बारसूरला जाणारा रस्ता जवळचा आहे आणि वाटेवर तामडा घूमर, मेंद्री घूमर हे धबधबेही आहेत. पण तोही त्या दिवशी विचारूनच.

आंबोळी

आरोग्याचंही त्यातच घ्या. हा पट्टा मलेरियाचा. राज्य सरकारने २०२० मध्ये मलेरियामुक्त बस्तर अभियान सुरू केलं आणि घरोघरी तपासण्या झाल्या, तरी संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे, डासांचं मलम आणि शक्य तिथे मच्छरदाणी हवीच. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत कुणालाही ताप आला तर डॉक्टरांना 'बस्तरला जाऊन आलो' हे आधी सांगा.

मृद्गंध

कोंडागाव घाईत उरकू नका, एवढंच सांगायला आले होते, पण आता सविस्तरच लिहिते.

जगदलपूरच्या अलीकडे ७५ किमीवर रायपूरच्या रस्त्यालाच कोंडागाव आहे, म्हणजे वाकडी वाट करावी लागत नाही. घडवा कारागिरांच्या अंगणात जाऊन बसा. आधी मातीचा गाभा घडवतात. मग मधमाश्यांच्या मेणाचे दोऱ्यासारखे बारीक धागे काढतात आणि ते गाभ्यावर एकाला एक चिकटवत जातात. हत्तीच्या झुलीवरची नक्षी, बाईच्या गळ्यातला हार, सगळं आधी मेणात होतं. त्यावर पुन्हा मातीचा लेप, भट्टीत घातलं की मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत वितळलेलं पितळ ओततात. थंड झाल्यावर माती फोडली की वस्तू बाहेर. साचा फुटल्यामुळे तशीच दुसरी कधीच होत नाही. खरी वस्तू हातात घेऊन जवळून बघा, मेणाच्या धाग्यांच्या रेघा पितळात जशाच्या तशा दिसतात. जयदेव बघेल यांच्यासारख्या कारागिरांनी हे काम जगभर पोहोचवलं.

तिथेच लोहारकामही बघा. झिटकू-मिटकीची जोडी घ्या, बस्तरच्या प्रेमकथेतले नायक-नायिका आहेत ते. आणि कृपा करून फार घासाघीस करू नका. एका मूर्तीमागे किती दिवसांचं काम असतं ते डोळ्यांनी बघितल्यावर तुम्हालाच नकोसं वाटेल.

दगडफूल

बाजार चुकवू नका. चित्रकोटच्या वाटेवर लोहंडीगुड्याला शुक्रवारी भरतो. चारोळी, चिंच, मोहाची वाळलेली फुलं, मातीची भांडी, सुकी मासळी, कोंबडे. पानाच्या द्रोणात चापडा मिळेल: लाल मुंग्या आणि त्यांची अंडी मिरची-मिठाबरोबर वाटून केलेली चटणी. आंबट-झणझणीत लागते. सल्फी म्हणजे ताडीसारखाच झाडाचा रस, सकाळी ताजा असतो तेव्हा गोडसर, ऊन चढलं की नशा चढते.

फोटो विचारल्याशिवाय काढू नका. बाई मान फिरवते किंवा पदर पुढे घेते, तेच उत्तर समजा. कुणी चालक 'घोटुल दाखवतो' म्हणाला तर नाही म्हणा. ती मुरिया आदिवासी तरुणांची स्वतःची जागा आहे, बघण्याची वस्तू नाही.

रानपाखरू

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! आता असं ठरतंय, चुकत असेल तर सांगा.

आझाद हिंदने रायपूर, रात्री मुक्काम. सकाळी निघून केशकाल, दुपार कोंडागावात, रात्री जगदलपूर. पुढचा दिवस शुक्रवार येईल असं बसवलंय, म्हणजे लोहंडीगुड्याचा बाजार आणि चित्रकोटला मुक्काम. मग दोन रात्री धुडमारासला: कुटुमसर (सासूबाई सोडून), तीरथगड वरच्या अंगाने, बाकी वेळ नदी. शेवटी दंतेवाडा आणि बारसूर करून परत जगदलपूर. ढोलकलचं बाप-लेक तिथे गेल्यावर वाटाड्याशी बोलून ठरवतील.

परतीचं काही ठरत नाहीये. पुन्हा तोच रस्ता नकोसा वाटतो.

पायवाट

मस्त जमलंय. परतीला रेल्वेने विशाखापट्टणला जा! किरंदूलहून येणारी दिवसाची गाडी जगदलपूरला सकाळी पकडा. बैलाडिलाचं लोखंड जपानला पाठवायला १९६० च्या दशकात हा मार्ग बांधला. अराकूच्या पुढे पूर्व घाट उतरताना बोगदा, पूल, दरी, पुन्हा बोगदा असं चालतं. रात्री विशाखापट्टण, दुसऱ्या दिवशी तिथून परत.

आणि एक दिवस वाढवता आला तर अराकूला उतरून बोर्रा गुहा बघा. त्याही चुनखडीच्याच, पण तोंड प्रचंड मोठं, आत दिवे आणि रुंद पायऱ्या आहेत. सासूबाईंना वाटेल तिथपर्यंत जाऊन थांबता येईल. कुटुमसरचे मासे नाही मिळणार, पण लोंबते स्तंभ त्यांनाही बघता येतील.

रानपाखरू

पायवाट, हे वाचून सासूबाई स्वतः येऊन म्हणाल्या, 'एक दिवस वाढवा, माझ्या नावावर.' वाढवला!

विदर्भकन्या

दंतेवाड्यासाठी एक राहिलं. शंखिनी-डंकिनीच्या संगमावरचं मंदिर आहे, पुरुषांना पॅंट घालून आत सोडत नाहीत. तिथे लुंगी मिळते, पण गर्दीत थांबावं लागतं. नवरा आणि मुलगा दोघांसाठी घरूनच एकेक धोतर नाहीतर लुंगी घ्या. रोख पैसे जगदलपूरलाच काढून ठेवा, कांगेरच्या नाक्यावर जिप्सी आणि वाटाड्याचे पैसे द्यायला लागतील आणि तिथे रेंजचा भरवसा नाही.